जुना व्हॉल्व्ह अॅम्प घेताना

वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजारात १९६०च्या दशकातला फेंडर विकायला मिळेल, अशी आशा कोणी धरू नये. १९९१ पर्यंत आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे असे गिटार अॅम्प देशातच मोजके आले, आणि आले ते मोठ्या शहरांतच राहिले. पण व्हॉल्व्हचा आवाज वऱ्हाडाला परका नाही. सप्ताहाचं कीर्तन, प्रचाराची जीप, टुरिंग टॉकीजचा तंबू, या सगळ्यांत एके काळी जे 'मशीन' चालायचं ते व्हॉल्व्हचंच होतं. आज इथल्या एखाद्या गिटारवाल्याला त्या आवाजाची ओढ लागली, तर त्याच्यासमोर तीन वाटा आहेत: परदेशी नावाचा जुना गिटार अॅम्प, देशी बनावटीचं जुनं लाऊडस्पीकरचं मशीन, नाहीतर जुन्या रेडिओचा उपयोग.

माझं मत आधीच सांगतो. अॅम्पच्या समोरच्या पाटीवर काय लिहिलंय हे शेवटी बघायचं. आत ट्रान्सफॉर्मर कसे आहेत आणि तो उघडून दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे, हे आधी.

नळीत काय चालतं

व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. फिलामेंटने कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि दोनशे ते चारशे-साडेचारशे व्होल्टवर बसलेल्या प्लेटकडे ओढले जातात. मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल या ग्रिडवर दिला, की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्या सिग्नलच्या तालावर कमी-जास्त होतो. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात ग्रिड घातली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला.

गिटारच्या अॅम्पमधून मात्र तो गेला नाही. ताकदीपलीकडे ढकललेला व्हॉल्व्ह अॅम्प एकदम फाटत नाही, हळूहळू दाटतो. हलक्या हाताने तार छेडली तर स्वर स्वच्छ येतो, जोरात ओढली तर खरखरीत. रेडिओ बनवणाऱ्यांना ही विकृती नको होती. गिटारवाल्यांनी ती मागून घेतली.

व्हॉल्व्ह दोन कामांचे असतात. छोटे प्रीअॅम्पचे (ईसीसी ८३, ज्याला अमेरिकेत १२ एएक्स ७ म्हणतात) वर्षानुवर्षं टिकतात. मोठे पॉवरचे (ईएल ८४, ईएल ३४, ६ व्ही ६, ६ एल ६) झिजतात आणि बदलावे लागतात. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने काही काळ निर्यात थांबवली, तेव्हा जगभर भाव चढले होते. म्हणून ज्याला दुर्मीळ व्हॉल्व्ह लागतात असा अॅम्प, कितीही देखणा असला, तरी आपल्याकडच्या माणसाने टाळलेला बरा.

तीन घराणी

अमेरिकन घराणं फेंडरचं. लिओ फेंडरने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये कंपनी काढली. स्वच्छ, घंटेसारखा टणक स्वर हा तिच्या अॅम्पचा गुण. सर्वांत लहान चॅम्प: एक ६ व्ही ६, सुमारे ५ वॉट, बहुतेक मॉडेलांत ८ इंची स्पीकर. त्याच्यावर प्रिन्स्टन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब आणि सगळ्यांत वर ट्विन रिव्हर्ब: चार ६ एल ६, ८५ वॉट आणि उचलताना कंबर धरणारं वजन. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर विकत घेतली. त्यानंतरचा माल हलका, असं संग्राहक मानतात. समोरच्या बटणांची पट्टी काळी असलेले (साधारण १९६३ ते १९६७) अॅम्प म्हणून महाग, आणि १९६८ नंतरचे चंदेरी पट्टीचे त्या मानाने स्वस्त. चंदेरी पट्टीच्या सुरुवातीच्या लहान अॅम्पमधलं सर्किट मात्र जवळपास जुनंच आहे. पैसे वाचवायची जागा ती.

इंग्लिश घराणी दोन. व्हॉक्सचा एसी १५ हा १९५८ चा, दोन ईएल ८४ वर चालणारा. त्याचाच मोठा भाऊ एसी ३०, चार ईएल ८४ चा. शॅडोज आणि बीटल्स यांच्या सुरुवातीच्या आवाजामागे हेच अॅम्प आहेत. मार्शलचा जन्म जिम मार्शल यांच्या पश्चिम लंडनमधल्या वाद्यांच्या दुकानात झाला. १९६२-६३ मध्ये तिथे बनलेला पहिला जेटीएम ४५ फेंडरच्या बासमन अॅम्पचं सर्किट समोर ठेवून केलेला होता. व्हॉल्व्ह आणि स्पीकर इंग्लंडमध्ये मिळणारे वापरले, आणि स्वर वेगळाच झाला. पुढे ईएल ३४ आले, आणि ज्याला आपण रॉकचा आवाज म्हणतो तो तयार झाला.

आपल्याकडे काय सापडतं

अहुजा ही दिल्लीची कंपनी १९४० पासूनची. लाऊडस्पीकरच्या धंद्यात तिचं नाव इतकं रुळलं, की खेड्यात 'अहुजा' म्हणजेच अॅम्प्लिफायर. तिची आणि फिलिप्सची जुनी मशीनं मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या माळ्यावर अजून पडलेली असतात. त्यातली बरीच ट्रान्झिस्टरची निघतात, म्हणून 'व्हॉल्व्हचं आहे' या शब्दावर न जाता झाकण उघडून काचेच्या नळ्या डोळ्यांनी बघायच्या.

या मशीनची मोठी सोय म्हणजे ती जन्मापासून २३० व्होल्टची आहेत आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर दणकट असतात. तासन्‌तास, उन्हात, जनरेटरवर चालावीत म्हणूनच ती केलेली. अडचणीही आहेत. माइकसाठीचं इनपुट कधी कधी गिटारला मानवत नाही, सिग्नल दबून येतो. मग जाणकाराकडून इनपुटचा एक-दोन रुपयांचा रेझिस्टन्स बदलून घ्यावा लागतो, किंवा इनपुटला असलेला माइकचा ट्रान्सफॉर्मर काढून टाकावा लागतो. मागच्या टर्मिनलवर ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन असे वेगवेगळे स्क्रू असतात. ८ ओहमचा स्पीकर ८ च्याच स्क्रूला जोडायचा. आणि भोंगा विसरायचा. भाषणासाठी केलेल्या भोंग्यातून खालचे स्वर येतच नाहीत, गिटार पत्र्यासारखी वाजते. गिटारसाठी बनवलेला १२ इंची स्पीकर लाकडी पेटीत बसवला, तर तेच मशीन ओळखू येत नाही. वरातीत बेंजो वाजवणाऱ्यांना हे सगळं सांगायला नको, त्यांच्या चिरक्या, गोड आवाजाचं अर्धं श्रेय त्यांच्या मशीनला जातं.

सुटे व्हॉल्व्ह देशातही बनत होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएलने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह काढले. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या खणात बीईएलचा शिक्का असलेले न वापरलेले ईएल ८४ किंवा ईसीसी ८३ मिळाले, तर रास्त भावात घ्यावेत. असे व्हॉल्व्ह परदेशी गिटारवालेही शोधत असतात.

रेडिओ वापरायचा असेल तर अक्षर वाचा

हा भाग घाईने वाचू नका, यात जिवाचा प्रश्न आहे.

जुन्या रेडिओच्या मागे ग्रामोफोनसाठी एक सॉकेट असतं. त्यात गिटार जोडली की आवाज येतो. थोडा बारीक येतो, कारण ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपच्या मानाने गिटारचा सिग्नल कमजोर, पण येतो. हे बघून अनेकजण रेडिओचाच अॅम्प करायला निघतात. काही रेडिओंच्या बाबतीत हे चालतं, काहींच्या बाबतीत ते प्राणघातक आहे. फरक व्हॉल्व्हवर छापलेल्या पहिल्या अक्षरातून कळतो.

'ई' ने सुरू होणारे व्हॉल्व्ह (ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४) ६.३ व्होल्टच्या फिलामेंटचे. असा सेट साधारणतः एसी ट्रान्सफॉर्मरवर चालतो. 'डी' ने सुरू होणारे (डीके ९६, डीएल ९६) बॅटरीचे. वीज पोचली नव्हती तेव्हा खेड्यापाड्यांत हेच सेट असायचे, ९० व्होल्टच्या मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालणारे. त्यांची ताकद एका वॉटच्याही आत असते, गिटारला काही कामाची नाही. शोभेला ठेवावा, फार तर दुरुस्त करून आकाशवाणी ऐकावी.

'यू' ने सुरू होणारे व्हॉल्व्ह (यूसीएल ८२, यूएल ८४) दिसले, की हात मागे घ्यायचा. हे एसी-डीसी सेट. यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतोच. सगळ्या फिलामेंट एका ओळीत जोडून सरळ लाइनवर चालवलेल्या असतात आणि लोखंडी चासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. रेडिओचं लाकडी कॅबिनेट आणि बेकलाइटची बटणं आहेत तोवर माणूस सुरक्षित. गिटारची केबल जोडली, की चासीतून केबलच्या जाळीत, जाळीतून गिटारच्या तारांत आणि तारांवरून बोटांत. प्लगची पिन उलट बसली तर बोटाखाली थेट २३० व्होल्ट. असा सेट गिटारसाठी घेऊ नये, 'चालवून दाखवतो' म्हणणाऱ्याकडूनही नाही.

'ई' दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. काही स्वस्त सेटांत पूर्ण ट्रान्सफॉर्मरऐवजी ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, तोही लाइनला जोडलेलाच. तपासणी सोपी आहे. प्लग भिंतीतून काढा, रेडिओचा स्विच चालू ठेवा, मीटर सगळ्यांत वरच्या ओहम रेंजवर लावा. एक टोक चासीला आणि दुसरं टोक प्लगच्या लाइन आणि न्यूट्रल पिनांना आळीपाळीने. काटा हलला, की तो रेडिओ गिटारचा नाही.

किती वॉट

इथे बहुतेकजण गरजेपेक्षा मोठं घेतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे ५० वॉटचा मार्शल ५ वॉटच्या चॅम्पपेक्षा ढोबळमानाने दुप्पटच मोठा, दहापट नव्हे. आणि व्हॉल्व्हचा खरा स्वर तो अॅम्प थोडा ताणल्यावर येतो. ५० वॉटचा अॅम्प ताणायला घराच्या भिंती पुरत नाहीत, शेजारी तर नाहीच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पाच वॉटचा अॅम्प खोलीत ती सहज ओलांडतो.

घरी आणि रेकॉर्डिंगला ५ वॉट पुरतात. छोटा हॉल, गॅदरिंग, कॉलेजचा ऑर्केस्ट्रा यांना १५ ते २० वॉट. मोठ्या मैदानावर अॅम्पसमोर माइक ठेवून आवाज साउंडवाल्याच्या सिस्टिममध्ये द्यायचा, मैदान भरण्याचं काम त्याचं.

मागची फळी काढल्यावर

अॅम्प बंद, प्लग बाहेर. तरीही आत बोट घालायचं नाही. फिल्टर कपॅसिटर (आपले मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात) प्लग काढल्यावरही चारशे व्होल्ट धरून बसू शकतात. बघायचं ते टॉर्चने आणि डोळ्यांनी.

आधी ट्रान्सफॉर्मर. सहसा दोन असतात, मोठा मेन्सचा आणि लहान आउटपुटचा. काळं पडलेलं, मेण किंवा डांबर गळलेलं, जळका वास येणारं वाइंडिंग म्हणजे व्यवहार तिथेच थांबला. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर एखादा चांगला वाइंडर पुन्हा गुंडाळून देऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात शेतीपंपांच्या मोटारी गुंडाळणारी दुकानं तालुक्याच्या गावी असतातच, पण पंपाची मोटर आणि अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तर पूर्ण वेगळा. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत घालून गुंडाळलेले असतात. ते थर चुकले की अॅम्पचा स्वर जातो. मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असणं ही जुन्या अॅम्पची निम्मी किंमत.

मग कपॅसिटर. डोकं फुगलेलं, खाली चिकट द्रव आलेला, म्हणजे गेला. वरून ठीक दिसला तरी चाळीस-पन्नास वर्षांचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलायचाच, आणि तो खर्च भावातून वळता करून मागायचा. विकणारा 'सगळं ओरिजिनल आहे' म्हणत असेल, तर ते संग्राहकाला आवडणारं वाक्य आहे. वाजवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की काम अजून व्हायचंय.

व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चकचकीत चंदेरी डाग असतो. तो चंदेरी आहे तोवर आत पोकळी आहे. पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. चालू अॅम्पमध्ये मधली तार नारिंगी दिसते, ते बरोबर. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेवर निळसर झाक दिसली तरी घाबरायचं कारण नाही. पण बाहेरची राखाडी प्लेट लाल व्हायला लागली तर ताबडतोब बंद करायचं. बहुधा कपलिंग कपॅसिटर गळतोय किंवा बायस (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणारं ग्रिडवरचं व्होल्टेज) गेलाय, आणि आणखी थोडा वेळ चालला तर व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाईल.

बटणं फिरवताना येणाऱ्या खरखरीचा बाऊ करू नका, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून 'टंग' असा घुमारा येत असेल, तर तो एक व्हॉल्व्ह बदलायचा, बस्स.

सिरीज लॅम्प

अनेक वर्षं बंद पडलेला अॅम्प सरळ भिंतीत लावून दाखवणाऱ्याकडून माल घेऊ नये. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर एक साधं साधन असतं: लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट, फेज वायर १०० वॉटच्या बल्बमधून फिरवलेली. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. अॅम्प या सॉकेटला लावायचा, स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करायची आणि स्विच टाकायचा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला, तर आत शॉर्ट नाही. लख्खच राहिला, तर आत काहीतरी जळलेलं आहे, पण बल्बने सगळा भार आपल्यावर घेतल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. ज्याच्याकडे डिमरस्टॅट आहे त्याने व्होल्टेज हळूहळू चढवावं, पण सोबत सिरीज लॅम्प असू द्यावा.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प कधीही चालू करू नये. ट्रान्झिस्टरच्या मशीनला हे चालून जातं, म्हणून सवयीने लोक करतात. व्हॉल्व्ह अॅम्पमध्ये भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्शुलेशन फाटतं. एका मिनिटात निम्मी किंमत गेली.

साल ओळखणं

अमेरिकन अॅम्पच्या सुट्या भागांवर आकडे असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. व्हॉल्यूमच्या पॉटवर १३७६६२५ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ साल, २५ वा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ म्हणजे शूमाकर, स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन. भाग मूळचेच असतील, तर अॅम्प या सगळ्या भागांतल्या सर्वांत नव्या भागाच्या आधीचा असू शकत नाही. पॉट १९६६ चा आणि ट्रान्सफॉर्मर १९७८ चा, तर मधे कुणीतरी बदललाय. वाजवायला तो वाईट नाही, पण भाव मग पूर्ण जुन्या मालाचा द्यायचा नाही.

११० व्होल्टचं लचांड

अमेरिकेतून आलेला अॅम्प ११० ते १२० व्होल्टचा, आणि ६० हर्ट्झचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ मात्र ५० च राहतात. ६० हर्ट्झसाठी मोजून केलेलं लोखंड ५० वर जास्त भरतं आणि तापतं. निर्यातीसाठी बनवलेल्या मॉडेलांत अनेक व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर असतो, तो चालतो. शंका असेल तर अर्धा तास चालवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवा. हात ठेवणं सोसवत नसेल, तर तो अॅम्प वाशिमच्या मे महिन्यात टिकणार नाही.

ब्रिटिश अॅम्प या बाबतीत सोयीचे. व्हॉक्स आणि मार्शलच्या मागे व्होल्टेज निवडायची किल्ली असते, २४५ पर्यंतची. आपल्याकडे रब्बीत शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज खाली जातं आणि मध्यरात्री वर चढतं. किल्ली वरच्या खाचेत ठेवावी, स्टॅबिलायझर लावावा, आणि जूनच्या विजांच्या पावसात प्लग काढून ठेवावा.

अर्थिंग

१९६०च्या दशकातल्या अमेरिकन अॅम्पना बहुधा दोन पिनांची वायर असायची. आत मेन्स आणि चासी यांच्यामध्ये एक कपॅसिटर असे, तो शॉर्ट झाला तर चासी जिवंत. गिटारवाल्यांत त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात. तो काढून तीन पिनांची वायर बसवणं हे पहिलं काम. यामुळे 'ओरिजिनल' किंमत कमी होते म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

पण तिसरी पिन भिंतीत जाऊन नुसतीच लटकत असेल तर उपयोग काय? कितीतरी घरांत अर्थिंगचं भोक नुसतं दाखवायला असतं. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अॅम्पच्या आतल्या चारशे व्होल्टपासून तो वाचवत नाही, भिंतीतल्या २३० पासून वाचवतो. मंडपात गिटारचा अॅम्प आणि गाण्याची सिस्टिम वेगवेगळ्या लाइनवर असतील, तर माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यायला सांगा.

कुठे बघायचं, किती द्यायचं

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) सुट्या भागांसाठी, आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट जुन्या रेडिओ-ग्रामोफोनसाठी. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गिटारचे जुने अॅम्प मात्र दुकानापेक्षा वाजवणाऱ्यांच्या ओळखीतून हलतात, विशेषतः मुंबई-गोव्यात. आणायचा झाला तर व्हॉल्व्ह काढून, नंबर लावून, वेगळे गुंडाळून आणा. मुंबईहून रेल्वेने येताना अकोल्याला उतरून पूर्णा मार्गावरची गाडी पकडायची असते, त्या चढउतारात काच टिकत नाही.

भावासाठी एक मोजपट्टी पुरते: त्याच ताकदीचा नवा व्हॉल्व्ह अॅम्प आज कितीला मिळतो ते आधी बघा. देशी मशीन किंवा अनामिक अॅम्पला त्यापेक्षा जास्त देण्याचं कारण नाही. नामांकित जुन्या अॅम्पला जास्त द्यावं लागेल, तर निदान कपॅसिटर, वायर आणि पॉवर व्हॉल्व्ह यांच्या खर्चासाठी किमतीचा चौथा हिस्सा बाजूला ठेवूनच सौदा करा.

मेकॅनिक आणि बायस

व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या दुकानांत मुलं मोबाइल आणि एलईडी टीव्ही दुरुस्त करतात. अॅम्प घेण्याआधी असा एक माणूस शोधा, त्याला घेऊन जा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट सल्ला घेऊन पुढे वर्षभर हेलपाटे मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एक तांत्रिक निवड इथल्या माणसासाठी फार सोयीची आहे. काही अॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह बदलला की दर वेळी बायस मीटरने लावावा लागतो: ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब, बहुतेक मार्शल. काहींत कॅथोडला लावलेला रेझिस्टन्स ते काम आपोआप करतो: चॅम्प, व्हॉक्स एसी १५, एसी ३० आणि ईएल ८४ वर चालणारे बरेच लहान अॅम्प. दुसऱ्या प्रकारात चांगल्या जोडीचे नवे व्हॉल्व्ह घातले की काम झालं. ज्या गावात बायस लावणारा माणूस नाही, तिथे हाच प्रकार घ्यावा.

म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या वाचकाला माझी शिफारस अशी: २३० व्होल्टचा मूळ ट्रान्सफॉर्मर, ईएल ८४ किंवा ६ व्ही ६, कॅथोड बायस, १५ वॉटच्या आत, मग पाटीवर नाव कोणतंही असो. आणि मागची फळी उघडू न देणाऱ्या विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.